लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (जन्म : जलालपूर, १ जून १८६८, मृत्यू : नाशिक, २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी कवयित्री व आत्मचरित्रकार होत्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्यातील श्रेष्ठ कृतींमध्ये गणले जाते. कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. सनातनी ब्राह्मण घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दारिद्र्य, आजार, वियोग व वैधव्य या प्रसंगांत त्यांनी ती निष्ठा कशी जपली, हाच त्यांच्या आत्मचरित्राचा गाभा आहे.

बालपण व विवाह

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराणे. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावात त्यांच्या आजोबांना (आईच्या वडिलांना) इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या आघातानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत हे सोवळे गेले होते. घरातील माणसांना, विशेषतः आईला, त्याचा फार जाच झाला. पुढे लक्ष्मीबाईंना विटाळाच्या कल्पनेशी जो झगडा करावा लागला, त्याची मुळे या घरात शोधावी लागतात. वडिलांचे चित्र मात्र त्यांनी कडवटपणे रंगवलेले नाही. हसू आणि करुणा एकाच वाक्यात आणण्याची त्यांची हातोटी तेथूनच दिसू लागते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, भावनाशील आणि तितकेच लहरी होते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हावे, मनात येताच गाव सोडून निघावे, असा त्यांचा स्वभाव होता. संसाराचा मेळ घालण्याचे काम पत्नीकडे आले. काही अपत्ये लहानपणीच दगावली. १८९१ मध्ये जन्मलेले देवदत्त जगले. शालेय शिक्षण लक्ष्मीबाईंना जवळजवळ मिळालेच नव्हते. लिहिणे-वाचणे त्या विवाहानंतर, पतीच्या आग्रहाने शिकल्या.

पतीचे धर्मांतर व वियोग

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' वाचण्यास दिला. पुढील वाचन व चिंतनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेण्यात झाली. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. त्या काळच्या रूढीनुसार ख्रिस्ती झालेल्या पतीसोबत राहणे म्हणजे जात गमावणे. माहेर-सासरच्या लोकांना तुटणे आणि मुलाचे भवितव्य टांगणीला लागणे हेही त्यात आलेच. न राहावे, तर पती जिवंत असून स्त्रीची अवस्था विधवेसारखी होई. या पेचात त्यांनी नाशिक, जलालपूर, पंढरपूर येथे आप्तांच्या आश्रयाने चार-पाच वर्षे काढली. दुःखाने प्रकृती खालावली. याच काळात पतिपत्नींचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि लक्ष्मीबाईंच्या काव्यरचनेलाही चालना मिळाली.

या वर्षांत त्यांना ख्रिस्ती धर्माबद्दल आकर्षण नव्हते, उलट तिरस्कारच होता. हे त्यांनी पुढे ख्रिस्ती झाल्यावरही झाकून ठेवले नाही. धर्मांतराच्या अनेक कथनांत पूर्वायुष्य काळ्या रंगात दाखवण्याचा जो मोह आढळतो, तो येथे नाही. आश्रय देणाऱ्या हिंदू नातेवाइकांचे ऋण त्यांनी अखेरपर्यंत मानले.

पुनर्मीलन व बाप्तिस्मा

अखेर त्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पतीकडे आल्या, पण स्वतःचा धर्म राखूनच. स्वयंपाक आणि पाणी वेगळे, सोवळे पूर्वीप्रमाणे. टिळकांनी यात सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन धर्म नांदत असल्याचे ते दृश्य त्या काळात दुर्मीळ होते.

बदल हळूहळू झाला. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्या आपल्याशीच विचार करू लागल्या. पशुपक्ष्यांच्या जाती निसर्गाने वेगळ्या केल्या आहेत हे डोळ्यांना दिसते. माणसामाणसांत तसा भेद दिसत नाही, असे त्यांना जाणवले. हा निष्कर्ष निघताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा : १९०० मध्ये, राहुरी येथे. म्हणजे विटाळाची कल्पना आधी गेली आणि श्रद्धा मागाहून स्थिर झाली. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय लक्ष्मीबाईंची ख्रिस्तनिष्ठा नीट समजत नाही. तिची सुरुवात धर्मग्रंथावरील वादविवादात झाली नव्हती. पाण्याच्या भांड्यापाशी झाली होती.

संसारातील कसोटी

ख्रिस्ती झाल्याने हालअपेष्टा कमी झाल्या नाहीत. १८९९–१९०० चा दुष्काळ महाराष्ट्रात 'छप्पन्याचा दुष्काळ' म्हणून ओळखला जातो. त्या सुमारास आणि नंतरही टिळकांच्या घरी अनाथ मुले व विद्यार्थी यांचा राबता असे. बालकवी ठोंबरे यांनाही या घराने पोटच्या मुलासारखे वागवले. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. मिशनच्या पगारात एवढी माणसे पोसणे कठीण, त्यातून पतीचा हात सैल. तक्रार, भांडण, रुसवा हे सारे 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने आले आहे. लक्ष्मीबाईंची सोशिकता मुकी नव्हती, हे वाचकाला त्यातूनच कळते.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली व 'देवाचा दरबार' हा उपक्रम हाती घेतला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, हा हेतू होता. घराच्या दृष्टीने याचा अर्थ ठरलेले उत्पन्न बंद होणे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यानंतर मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. पुढे मुलाबरोबर कराचीला वास्तव्य केले. कीर्तने करून धर्मप्रसारही केला. ख्रिस्ती आशय वारकरी-कीर्तनाच्या रूपात मांडण्याची टिळकांची दृष्टी त्यांनी अशी पुढे नेली.

लेखन

देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, या विनंतीतून 'स्मृतिचित्रे' जन्मास आले. 'संजीवनी' साप्ताहिकात ते प्रथम येऊ लागले. १९३४ पासून ते चार भागांत ग्रंथरूप झाले. शेवटचा भाग लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. घरगुती बोलीचा साधेपणा आणि स्वतःवरही हसण्याची तयारी यांमुळे पुस्तक ख्रिस्ती वर्तुळाबाहेर फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोचले. 'भरली घागर' हा त्यांचा काव्यसंग्रह आहे. कवितेत टिळकांचा ठसा जाणवतो, गद्यात त्या पूर्णपणे स्वतःच्या आहेत.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभले, पण जेमतेम अकरा अध्यायांपर्यंतच ते पोचू शकले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी उतारवयात रचले. लेखनाचा एवढा व्याप त्यांनी आयुष्यात पूर्वी कधी उचलला नव्हता. काव्य छापून आले १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी अनुवाद जोसेफीन इंक्स्टर (१९५०) व शांता गोखले (२०१७) यांनी केले आहेत. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी मूळ ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. विजया मेहता यांनी या पुस्तकावर दूरचित्रवाणीपट दिग्दर्शित केला असून त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली आहे.