डहाणू-तलासरीची भूकंपमालिका आणि भूकंप-भाकिताचा महाराष्ट्रातील इतिहास

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर चारच वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू व तलासरी तालुक्यांतील जमीन हादरू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, आंबेसरी, दापचरी या परिसरातील पाड्यांवर प्रथम गडगडाट ऐकू येई आणि मागोमाग धक्का बसे. एखादा मोठा भूकंप व्हावा आणि मग त्याचे उत्तरधक्के हळूहळू विरत जावेत, असा नेहमीचा क्रम येथे दिसला नाही. लहान धक्के पुंजक्यांनी येत, मध्यंतरी थांबत, पुन्हा सुरू होत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यांपैकी सर्वांत मोठ्या धक्क्याचे परिमाण ४.१ होते. त्याच दिवशी हळदपाडा येथे घराबाहेर धावपळ होत असताना दोन वर्षांची एक बालिका पडून मरण पावली. शाळांचे वर्ग तंबूंत भरू लागले आणि थंडीच्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे अंगणात झोपू लागली.

या लोकांचा प्रश्न साधा होता : याहून मोठा धक्का येणार आहे काय? त्याचे उत्तर शास्त्राने काय दिले आणि काय देऊ शकले नाही, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील यापूर्वीच्या भूकंपमालिकांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

ताणाची कल्पना

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये प्रत्यास्थ प्रतिक्षेपाचा सिद्धान्त मांडला. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना अडवून धरतात. त्यामुळे त्यांच्यात ताण साचत जातो आणि घर्षणाची मर्यादा ओलांडली की ते एकदम सरकतात. यावरून साहजिकच असे अनुमान निघाले की, ताण किती साचला हे मोजता आले तर भूकंपाची वेळही सांगता येईल. ही आशा विसाव्या शतकात अनेकदा पल्लवित झाली आणि तितक्याच वेळा कोमेजली. चीनमधील हायचेंग येथे ४ फेब्रुवारी १९७५ च्या भूकंपापूर्वी पूर्वधक्क्यांवरून इशारा दिला गेला व असंख्य प्राण वाचले. परंतु २८ जुलै १९७६ रोजी तांगशान येथे कोणताही इशारा नसताना अधिकृत आकडेवारीनुसार दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे मरण पावली. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १८५७ पासून सरासरी बावीस वर्षांच्या अंतराने भूकंप होत आले होते. म्हणून पुढचा भूकंप १९९३ पूर्वी होईल, असे जाहीर करून तेथे यंत्रांचे जाळे पसरण्यात आले. प्रत्यक्षात तो २८ सप्टेंबर २००४ रोजी झाला. जगातील सर्वांत बारकाईने पाहिलेल्या भ्रंशानेही ठरवलेला मुहूर्त पाळला नाही.

पार्कफील्ड पट्टभूमीच्या सीमेवर आहे, डहाणू तसे नाही. तेथे निदान भूकंपांची परंपरा कागदोपत्री होती. कोकणच्या किनाऱ्याबाबत मात्र नोंदींचाच दुष्काळ आहे आणि असलेल्या नोंदीही डोळे मिटून स्वीकारण्याजोग्या नाहीत. मे १६१८ मध्ये मुंबईत मोठा भूकंप झाल्याची नोंद भूकंपसूचींमध्ये पिढ्यान्पिढ्या उतरत आली. ती घटना भूकंप नसून चक्रीवादळ असावी, असा आक्षेप अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. ज्या प्रदेशात चारशे वर्षांपूर्वीची मुख्य नोंदच वादग्रस्त आहे, तेथे पुनरावृत्तीचा काळ काढण्याची भाषा करणे धाडसाचे होय.

तीन मालिका, तीन शेवट

महाराष्ट्रात भूकंपशास्त्राचा पाया कोयनेने घातला. धरणाचा जलाशय १९६२ पासून भरू लागताच परिसरात धक्के जाणवू लागले आणि पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तेथे भूकंपमापक यंत्रे बसविण्यास आरंभ केला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे १८० जणांचा बळी गेला. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांपैकी तो आजही जगातील सर्वांत मोठा मानला जातो. पाण्याचे केवळ वजन हे त्याचे कारण नव्हते. पाणी भेगांतून खोल झिरपते, खडकांच्या रंध्रांतील दाब वाढतो, भ्रंशाच्या दोन्ही कडांना एकमेकींवर दाबून धरणारे बल त्या प्रमाणात घटते आणि आधीच ताणलेला भ्रंश सरकतो. म्हणजे ताण निसर्गाचा आणि निमित्त पाण्याचे.

भाकिताच्या दृष्टीने कोयनेचे महत्त्व वेगळेच आहे. तेथील भूकंपक्षेत्र सुमारे वीस बाय तीस किलोमीटरचे, आसपास दुसरे भूकंपक्षेत्र नाही आणि धक्के मात्र सहा दशके अखंड चालू आहेत. वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर हालचाल दक्षिणेकडेही सरकली. हर्ष गुप्ता यांनी असे दाखवून दिले की, जलाशयाची पातळी आठवड्यात बारा मीटरहून अधिक वेगाने चढणे ही पाच परिमाणाच्या भूकंपासाठी आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २००५ पासून तत्काळ निरीक्षण सुरू केले. सूक्ष्म धक्क्यांचे पुंजके कोठे जमतात हे पाहून मे २००६ मध्ये सुमारे चार परिमाणाच्या धक्क्याचे पूर्वानुमान केले गेले आणि काही दिवसांतच तसा धक्का बसला. हे यश खरे आहे, परंतु त्यामागे चाळीस वर्षांच्या नोंदी उभ्या होत्या हे विसरता येत नाही. त्यानंतर गोठणे येथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. बेसॉल्टचा सव्वा किलोमीटर जाडीचा थर भेदून ते खालच्या ग्रॅनाइटयुक्त पायात उतरले, तेव्हा कुठे ताण प्रत्यक्ष मोजण्याची सोय झाली.

दुसरी मालिका भातसा जलाशयाच्या परिसरातील. जुन्या ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यात, १९८३ मध्ये खर्डीच्या आसपास धक्क्यांचे सत्र सुरू झाले. सप्टेंबरमध्ये त्यातील सर्वांत मोठा धक्का पाचच्या किंचित खाली राहिला आणि पुढे ते ओसरले. डहाणूच्या उत्तरेला, गुजरातमधील वलसाड भागात १९८६ मध्ये झालेली मालिकाही अशीच शमली.

तिसरी मालिका किल्लारीची. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीच्या लोकांनी धक्के अनुभवले होते, त्यांचा बोभाटाही झाला होता. मग शांतता पसरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. हा प्रदेश तेव्हा भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

कोयनेची मालिका थांबतच नाही, भातशाची विरून गेली, किल्लारीची मात्र प्रलयाची नांदी ठरली. डहाणूत २०१८ साली यांपैकी कोणता इतिहास घडत होता, हे पहिल्या महिन्यांत कोणालाच सांगता येणे शक्य नव्हते. लहान धक्के हे मोठ्याचे पूर्वधक्के होते किंवा नव्हते, ही गोष्ट मोठा धक्का झाल्यावरच निश्चित होते. शास्त्राची ही अडचण धुंदलवाडीच्या अंगणात झोपलेल्या माणसाला पटवून देणे सोपे नाही.

पाड्यांखालचा भ्रंश

डहाणू-तलासरीचा भूप्रदेश दख्खनच्या बेसॉल्टचाच आहे. येथून दक्षिणेकडे पनवेलच्या बाजूला लाव्हाचे थर समुद्राकडे कलत गेले आहेत. जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये वर्णिलेली ही ‘पनवेल वलीय रचना’ आणि तिला लगटून आलेल्या असंख्य भित्तिखडकांच्या रांगा किनारपट्टीच्या जुन्या विदारणाच्या साक्षी आहेत. अशा कमकुवत रेषांवर भारतीय पट्टाच्या उत्तरेकडील रेट्याचा ताण येत असतो. मालिका सुरू झाल्यावर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था व राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी स्थानिक यंत्रे बसविली. हजारो धक्क्यांची नोंद झाली आणि ते उथळ, थोड्याशाच क्षेत्रात एकवटलेले असल्याचे दिसले.

कारणांविषयी एकमत नाही. पावसाचे पाणी भेगांतून झिरपून रंध्रदाब वाढत असावा, असे एक मत आहे. खोल द्रवांचे स्थलांतर किंवा भ्रंशाचे निःशब्द सरकणे ही इतर स्पष्टीकरणे होत. पहिल्या मतात तथ्य असले तरी ते एकटे पुरे पडत नाही. या किनाऱ्यावर मोसमी पाऊस दरवर्षी कोसळतो, मग २०१८ च्याच पावसानंतर असे का व्हावे? जपानमधील मात्सुशिरो येथे १९६५ ते १९६७ या काळात चाललेल्या प्रसिद्ध मालिकेतही भूमिगत पाण्याचा हात आढळला होता. तिच्या पायात कोणतेही धरण नव्हते. धामणीचे सूर्या धरण किंवा दापचरीजवळचे कुर्झे धरण यांच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

प्रशासनापुढील पेच मात्र शास्त्रीय नव्हता. इटलीतील लाक्विला येथे २००९ च्या आरंभी अशीच मालिका चालू असता ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची बैठक झाली व लोकांना धीर देणारी वक्तव्ये केली गेली. ६ एप्रिलला भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसे मेली. सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ मध्ये निर्दोष सुटले. भाकीत न केल्याबद्दल हा खटला झाला, असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. आक्षेप होता तो अवाजवी धीर देण्यावर.

डहाणूच्या मालिकेतील एकाही धक्क्याने पाचची पातळी गाठली नाही, तरी २०१९ च्या जुलैत आणि २०२० च्या सप्टेंबरात तिने पुन्हा उचल खाल्ली. जुलैतील धक्क्यात भिंत कोसळून एक जीव गेला. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून उभारलेले वारली घर हलके असते. धक्क्यात ते डुलते, क्वचित कलते, परंतु आतल्या माणसावर वजनदार काही पडत नाही. विटा मातीत बसवून वर पत्रे किंवा कौले घातलेल्या, आडवी बांधणी नसलेल्या घरांना लहानशा धक्क्यानेही तडे जातात. २००२ च्या भारतीय मानकानुसार हा प्रदेश तिसऱ्या क्षेत्रात येतो. म्हणजे जोता, लिंटेल व छत या पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे घालण्याची शिफारस २०१८ च्या पुष्कळ आधीपासून कागदावर होती आणि पाड्यांवर विटांची घरे त्याच काळात, त्या पट्ट्यांवाचून, बांधली जात होती.