फाइलच्या तारखा (मोबाइल अ‍ॅपमधील)

फाइल केव्हा तयार झाली आणि तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला, याची फाइल-प्रणालीने ठेवलेली नोंद. अ‍ॅप ही नोंद वाचून फाइलींचा क्रम लावते, कशाचा बॅकअप घ्यायचा ते ठरवते, जुनी कॅश पुसते. एवढ्या कामाला ती पुरेशी आहे. पुरावा म्हणून मात्र कच्ची.

महाराष्ट्रात हा प्रश्न शिवारापर्यंत पोचला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली: शेतकऱ्याने मोबाइलवर पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढायचा आणि पीक सातबाऱ्यावर नोंदवायचे. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या नियमांत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आली, तेव्हा तर तासांनाही किंमत आली. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचा फोटो शेतात निघतो, रेंज मिळते ती गावात आल्यावर. त्यात तो व्हॉट्सअ‍ॅपवरून पुतण्याच्या फोनवर गेला, की तिथे नवीच फाइल जन्मते. तिची तारीख ती त्या फोनवर उतरली त्या क्षणाची. साध्या फोटोप्रमाणे पाठवला असेल तर कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली एक्झिफ माहितीही वाटेत गळून पडते. फोटो खरा, पीक खरे, तारीख तेवढी पुतण्याच्या फोनची.

युनिक्सच्या जुन्या परंपरेत निर्मितीची वेळ ठेवलीच जात नसे. मजकूर बदलल्याची, फाइल वाचल्याची आणि तिच्या परवानग्या वा नावासारखा तपशील बदलल्याची, अशा तीनच वेळा असत. ही तिसरी वेळ निर्मितीची समजण्याची चूक आजही सर्रास होते. लिनक्सच्या एक्स्ट-फोर प्रणालीत जन्मवेळ साठते, पण ती वाचण्याची सर्वसाधारण सोय, स्टॅटएक्स, २०१७ मध्ये आली. अँड्रॉइडवर ‘लास्टमॉडिफाइड’ हे फंक्शन शेवटच्या बदलाची वेळ मिलिसेकंदांत देते. फाइल नसेल तर ते शून्य परत करते, आणि पडद्यावर १ जानेवारी १९७०, सकाळचे साडेपाच उमटतात. निर्मितीची वेळ विचारण्याची सोय अँड्रॉइड ८ पासून आहे. तरी प्रणालीकडे ती वेळ नसेल तर बहुधा बदलाचीच तारीख निर्मितीची म्हणून हाती पडते. फोनवरच्या फोटो-व्हिडिओंची यादी ठेवणाऱ्या मीडियास्टोअरची तऱ्हा आणखी वेगळी: फाइल जोडल्याची व बदलल्याची वेळ सेकंदांत, फोटो काढल्याची मिलिसेकंदांत. हजाराने गुणायचे राहिले, की यंदाचे पीक जानेवारी १९७० मध्ये उगवते.

आयफोनवर फाइलमॅनेजर दोन्ही तारखा सरळ देतो. पण अशा तारखांवरून फोन ओळखता येऊ शकतो, म्हणून त्या कशासाठी वाचल्या याचे कारण मे २०२४ पासून अ‍ॅपसोबत जाहीर करावे लागते. एकाच कोडमधून अनेक प्रणालींसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या फ्लटरमध्ये ‘चेंज्ड’ नावाची वेळ विंडोजवर निर्मितीची असते, फोनवर तपशील-बदलाची. एकाच कोडवर सगळीकडे काम भागेल असे समजणाऱ्याने हे आधी तपासावे.

वेळ साठते ती जागतिक घड्याळाने. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. त्यामुळे रेणापुरात पहाटे पाचला केलेली नोंद रूपांतर न करता छापली, तर आदल्या दिवसाची दिसते. एक्झिफचे उलटे: तिथे कॅमेऱ्याची स्थानिक वेळ असते आणि वेळ-विभाग सांगण्याची जागा २०१६ च्या आवृत्तीपर्यंत नव्हतीच.

शिवाय फोनचे घड्याळ मागेपुढे करता येते, आणि फाइलची तारीख बदलण्याचे फंक्शनही प्रोग्रामरच्या हाताशी असतेच. म्हणून पाहणीच्या अ‍ॅपने गॅलरीतला फोटो न स्वीकारता स्वतःच्या कॅमेऱ्याने तो घ्यावा, त्याच क्षणी जीपीएसची वेळ वेगळ्या रकान्यात लिहावी आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ तिच्या शेजारी ठेवावी. दोहोंत दोन दिवसांचे अंतर निघाले म्हणून नोंद संशयित ठरवू नये. शेतात रेंज नसल्याचाही तो परिणाम असू शकतो.