मोटारसायकलीचा घसा आणि गुडघे

कात्रज हे नाव पुणेकरांच्या बोलण्यात दोन कारणांनी रुळले. पहिले कारण पाण्याचे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी बंदिस्त नळातून शहरात आणले, आणि नळात कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून मध्ये जागोजाग उच्छ्वास बांधले. दुसरे कारण हुलकावणीचे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला. परंपरा असे सांगते की, पाठीवर येणाऱ्या फौजेला चकवण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे पिटाळले. फौज उजेडामागे घाटात गेली आणि महाराज सिंहगडाच्या वाटेने निघून गेले. तेव्हापासून कुणी कुणाला बनवले की आपण म्हणतो, ‘त्याला कात्रजचा घाट दाखवला!’

श्रोतेहो, नळातली हवा आणि घाटातली हुलकावणी या दोन्ही गोष्टी आजच्या विषयात उपयोगी पडणार आहेत. विषय आहे मोटारसायकलीचा; आणि तोही कारखान्यातून आली तशी वापरलेल्या गाडीचा नव्हे, तर मालकाने आणि मिस्त्रीने आपल्या हाताने बदलून घेतलेल्या गाडीचा. असे बदल पुष्कळ प्रकारचे असतात. त्यांतले दोनच आपण पाहू. एक सायलेन्सर, म्हणजे गाडीचा घसा. आणि दुसरे शॉकअप, म्हणजे तिचे गुडघे.

आपल्याकडे ही हौस प्रथम गरज म्हणून आली. १९५५ साली मद्रासला बुलेट गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला. त्याच गाड्या पुढे ‘येझदी’ या नावाने निघाल्या. त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली, ती मुळात एका पोलिश गाडीच्या नमुन्यावर. गाड्या थोड्या आणि मागणी फार, असा तो काळ. एकदा घेतलेली मोटारसायकल पंधरा-वीस वर्षे घरात नांदायची. सुटा भाग मिळाला नाही तर नाना पेठेतले दुकान, तिथे नाही तर जुना बाजार, आणि तिथेही नाही तर लेथवाल्याकडे जाऊन ‘तेवढं बनवून द्या हो’ म्हणायचे. भाग बनवता बनवता मिस्त्रीच्या हाताला अंदाज आला, आणि अंदाज आल्यावर मनात आले की मूळच्या भागापेक्षा बरा भाग का बनवू नये?

सायलेन्सर कशासाठी असतो, असे विचारले तर कोणीही सांगेल, आवाज दाबण्यासाठी. नावच तसे आहे. पण जावा, येझदी, राजदूत, १९८३ साली आलेली राजदूत ३५०, आणि १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव असतो.

कसा, ते पहा. या इंजिनात जळका धूर बाहेर जाण्याचे दार आणि ताजे पेट्रोल-हवा आत येण्याचे दार काही काळ एकाच वेळी उघडे असते. त्यामुळे थोडे ताजे मिश्रण न जळताच धुराबरोबर बाहेर निसटते. एका दाराने पाहुणे येताहेत आणि दुसऱ्या दाराने, जेवण व्हायच्या आत, निघून जाताहेत असा प्रकार! आता धुराची नळी पुढे हळूहळू रुंद होत गेली, तर धुराच्या धक्क्याची लाट उलटून ओढीसारखी मागे येते आणि सिलिंडरातला उरलासुरला धूर खेचून नेते. त्यापुढे नळी पुन्हा निमुळती केली, तर तिथून दाबाची लाट परत फिरते, आणि निसटलेले ताजे मिश्रण दार मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरात ढकलते. नळीचा आकार म्हणजे दोन शंकू, रुंद तोंडाला रुंद तोंड लावलेले, आणि शेवटी एक बारीक शेपटी. तिच्यात एकही हलता भाग नाही. सगळे काम आकार आणि लांबी करतात.

आणि लांबीचे गणित कडक आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. त्यातला निम्मा वेळ धुराचे दार उघडे आहे असे धरू. तापलेल्या धुरात ध्वनीची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. तेवढ्या अवधीत ती अडीच मीटर जाईल. म्हणजे जाऊन परत यायचे तर नळी सव्वा मीटर हवी. तेच इंजिन ९,००० फेऱ्यांवर पळवायचे तर नळी ८३ सेंटिमीटरांवर आणावी लागते. हा ठोकळ हिशेब झाला. पण दोन बोटांच्या फरकाने गाडीचा स्वभाव का बदलतो, हे त्यावरून कळावे.

हे शास्त्र पक्के केले ते पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी, एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन या इंजिनिअरने. महायुद्धाच्या काळात तो क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. १९५० नंतरच्या दशकात, पैसा आणि साहित्य दोन्ही तुटपुंजे असताना, त्याने शर्यतीच्या १२५ सी.सी. इंजिनावर नळ्यांचे प्रयोग केले, आणि १९६१ पर्यंत त्या एवढ्याशा इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ चे ५० सी.सी. वर्गाचे विश्वविजेतेपद सुझुकीने मिळवले, ते डेगनरच्याच हातून. एका गरीब कारखान्यातल्या पत्र्याच्या नळीची विद्या अशी जगभर गेली. पुढे आपल्याकडच्या तरुणांनी राजदूत ३५० आणि आरएक्स १०० पळवल्या, त्यांच्या सायलेन्सरांच्या पोटात तीच विद्या होती.

हाताने अशी नळी बनवायची म्हणजे काम अर्धे शिंप्याचे आणि अर्धे तांबटाचे. आधी कागदावर शंकू उलगडून आकृती काढायची, जसा शिंपी बाही कापण्यापूर्वी खडूने आखतो. मग आकृतीबरहुकूम पत्रा कापायचा, गोल दांड्यावर ठोकत वळवायचा आणि सांधा गॅस वेल्डिंगने भरायचा. सिलिंडरपासून निघणारा बाक वळवायचा असेल तर पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडे बंद करून, तापवून वाकवायचा. म्हणजे वळणावर पाइप चेपत नाही. आतून सांध्याला वेल्डिंगचा थेंब राहिला तर लाटेची वाट बिघडते, म्हणून कानशीने घासायचे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्र्याला ठोक्याठोक्याने आकार देण्याची कला पेशवाईपासून नांदते आहे. ज्या शहरात असा हात आहे, तिथे सायलेन्सरचा शंकू म्हणजे काही परकी वस्तू नव्हे.

पण चांगली नळी झाली की गाडी सगळीकडे चांगली पळते, असे मात्र नाही. त्याची परीक्षा कात्रजला होते. जड वाहतूक आता बाह्यवळणावरच्या नव्या बोगद्यातून जाते. जुना घाट आपला वळणे घेत जुन्या बोगद्यापर्यंत चढतो आणि पलीकडे शिंदेवाडीला उतरतो. ९,००० फेऱ्यांसाठी कापलेली नळी सपाटीवर गाडी पिसाट पळवील. पण घाटाच्या वळणावर वेग कमी झाला, फेरे ४,००० वर आले, की तीच लाट अवेळी परत येते आणि गाडी दम टाकते. मग स्वार गिअर खाली टाकतो आणि इंजिन किंचाळते. म्हणून मिस्त्रीने आधी विचारायचे असते, ‘साहेब, गाडी नेणार कुठं?’ रोज घाट चढणाऱ्याला लांब नळी, म्हणजे कमी फेऱ्यांवरची ओढ. मैदानातल्या शर्यतीला आखूड. हा विचार कारखान्यांनाही सुचला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात आकुर्डीच्या बजाज ऑटोने काही फोर-स्ट्रोक गाड्यांच्या धुराच्या नळीला एक लहानशी डबी जोडली आणि तिला ‘एक्झॉस्टेक’ असे नाव दिले. हेतू हाच, की कमी फेऱ्यांवर ओढ वाढावी.

आता गुडघ्यांकडे वळू. शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात. स्प्रिंग वजन पेलते, आणि तेलाचा दट्ट्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दट्ट्या थकला की गाडी खड्ड्यानंतरही डुलत राहते, चाक जमीन सोडते आणि वळणावर ताबा जातो. जुन्या राजदूतला पुढे नेहमीच्या दुर्बिणी फोर्कऐवजी झुलत्या दांड्यांचा फोर्क होता. गाडी दणकट, म्हणून ती दूधवाल्यांची लाडकी. कात्रजला जिल्हा दूध संघाची डेअरी आहे. मावळ-मुळशीपासून पुरंदरपर्यंत दुधाचे कॅन दुचाकीवर लटकलेले कोणी पाहिले नाहीत? चाळीस लिटरांचे दोन कॅन म्हणजे ऐंशी किलोंहून जास्त वजन, आणि तेही मागच्या चाकाच्या दोन बाजूंना. म्हणून मागे जाड तारेची स्प्रिंग बसवून घ्यायची. जाताना, कॅन भरलेले असताना, गाडी मखमलीसारखी. येताना, कॅन रिकामे झाल्यावर, कंबर मोडणारी! स्प्रिंग वजनाला जुळवावी लागते आणि वजन तर रोज दोनदा बदलते. शॉकअपच्या खालच्या खाचा फिरवून स्प्रिंग आगाऊ दाबून ठेवण्याची सोय असते, पण त्याने गाडीची बैठक उंचावते, स्प्रिंग काही कडक होत नाही. पुढच्या फोर्कमध्ये दाट तेल घातले तर घाट उतरताना ब्रेकवर गाडी एकदम नाक खुपसत नाही. मात्र बारीक खडबड मनगटाला जाणवते. इथे एक हाताने मिळवायचे तर दुसऱ्या हाताने द्यावे लागते. १९७३ साली बेल्जियमच्या लुसियन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने मागे एकच मोठा शॉकअप लावला आणि खडबडीत मैदानावरची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याचे वंशज आज साध्या गाड्यांतही दिसतात.

इथवर सगळे कौतुकाचे झाले. आता दुसरी बाजू. धुराचे नियम १९९१ पासून सुरू झाले आणि पुढे आवळत गेले, तशा टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. येझदी आणि आरएक्स १०० या दोन्हींचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. नळीचे गणित जाणणारे हात त्यांबरोबर रिकामे झाले; मागे उरला फक्त आवाज. फोर-स्ट्रोक बुलेटच्या सायलेन्सरच्या आतली जाळी आणि पडदे काढून टाकायचे, किंवा पोकळ ‘फटाका’ सायलेन्सर लावायचा, यात गणित कुठेच नाही. उलट मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आणि चढावरची ओढ घटते. स्वाराला मात्र वाटते की गाडी जोरात आहे! पलिते एकीकडे आणि महाराज दुसरीकडे. आवाज एकीकडे आणि शक्ती दुसरीकडे. कात्रजच्या घाटात स्वतःलाच कात्रजचा घाट दाखवायचा, दुसरे काय?

त्यातून स्वतःला फसवून भागले असते तरी बिघडत नव्हते. पण घाटाखाली आता दाट वस्ती आहे. पेशवे उद्यानातले प्राणी जिथे हलवले ते प्राणिसंग्रहालयही कात्रजलाच आहे. ८० ते १७५ सी.सी. पर्यंतच्या नव्या मोटारसायकलीला चाचणीत ७७ डेसिबल आणि त्यापुढे ८० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. रात्री एक वाजता पाळण्यातले मूल आणि अंथरुणावरचा आजारी माणूस हे गणित न शिकताही जाणतात. कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठासून सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतोच.

मग हाताच्या विद्येचे काय? तीही रोलरखाली जाऊ द्यायची का? मला वाटते, नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांच्या नळीत धूर हुंगणारा सेन्सर आणि धूर निवळणारी जाळी असते. तिथे हातोडा चालवणे मूर्खपणाचे. पण बंदिस्त मैदानावरच्या शर्यती आहेत, जुन्या गाड्यांची मूळ रूपात दुरुस्ती आहे, तंत्रनिकेतनांतल्या कार्यशाळा आहेत. आपल्याच पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ सालापासून वाहनांची कसोटी घेणारी एआरएआय ही संस्था आहे. नाना पेठेतला एखादा म्हातारा मिस्त्री आणि कॉलेजातली चार मुले एका बाकावर बसवली, मिस्त्रीने पत्रा वळवून दाखवला आणि मुलांनी लाट मोजून दाखवली, तर दोघांचेही शिक्षण पुरे होईल. आणि मिस्त्री त्यांना पहिला धडा हाच देईल की, ‘बाळांनो, नळी नीट जमली की आवाज कमी येतो, आणि गाडी घाट मुकाट्यानं चढते.’