धुळीचा हिशेब : वाऱ्याच्या घनापासून मुंबईच्या आकाशापर्यंत

23 जानेवारी 2022, रविवार. त्या दिवशी मुंबईकरांना सूर्य दुधाळ पडद्याआडून दिसला. उभ्या मोटारींच्या टपांवर पांढुरकी भुकटी साचली होती आणि कमाल तापमान जेमतेम 24 अंशांच्या आसपास थांबले. ऐन हिवाळ्यात हा प्रकार कोठून उद्भवला, हे उपग्रहचित्रांनी दाखवून दिले. आदल्या दिवशी कराचीच्या बाजूला उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र व गुजरात ओलांडून कोकणपट्टीपर्यंत पोहोचले होते. अशी धूळ कोठून, किती आणि कोणत्या क्षणी उडेल, हे गणिताने सांगता येते काय? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना असून त्याची सुरुवात आपल्याच उपखंडात सापडते.

बंगाल तोफखान्यातील शल्यवैद्य पी. एफ. एच. बॅडली यांनी 1860 मध्ये भारतातील वावटळी आणि धूळवादळांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची निरीक्षणे बारकाईची होती. निष्कर्ष मात्र फसला. या वादळांचे मूळ विजेत आहे, असे त्यांनी मानले. वीज हे त्या काळचे नवलाईचे कोडे होते आणि न उमगलेल्या पुष्कळ गोष्टी तिच्या खात्यावर मांडल्या जात, तेव्हा त्यांना फार दोष देण्याचे कारण नाही.

खरी उकल झाली ती वाळूच्या कणाकडे पाहून. राल्फ बॅग्नोल्ड हे ब्रिटिश सैन्यातील अभियंते. लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मोटारी हाकण्याचा त्यांना छंद होता. पुढे लंडनमध्ये वातबोगदा उभारून त्यांनी वाळूवर प्रयोग केले आणि 1941 मध्ये उडत्या वाळूच्या भौतिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूचे प्रमाण जमिनीलगतच्या घर्षणवेगाच्या घनाच्या पटीत वाढते, हे त्यांनी दाखविले. वेग दुप्पट झाला की वाहून जाणारी वाळू आठपट!

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अतिसूक्ष्म धूळ वाऱ्याने आपसूक उडत नाही. तिचे कण एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की नुसता वारा त्यांना सोडवू शकत नाही. साधारण दशांश मिलिमीटर आकाराचे वाळूचे कण आधी उसळ्या मारू लागतात, जमिनीवर आपटतात, आणि त्या आघातांनी सूक्ष्म धूळ मोकळी होऊन वर जाते. म्हणून वाऱ्याने एक उंबरठा ओलांडेपर्यंत काहीच घडत नाही. ओलांडला की सारे एकदम घडते. जमिनीतील ओल, गवत आणि खडबडीतपणा हा उंबरठा वर नेतात.

हेच नियम 1990 च्या दशकात संगणकात शिरले. बेआत्रीस मार्तिकोरेना आणि गिल्स बर्गामेत्ती यांनी 1995 मध्ये उंबरठ्याचे तपशीलवार सूत्र मांडले. पॉल जिनू व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये धुळीच्या उगमांचा जागतिक नकाशा प्रतिमानात घातला. पाण्याने गाळ आणून टाकलेले सखल भाग हे मुख्य उगम, ही त्यामागील कल्पना. तरीही आकडे जुळेनात. 2011 मध्ये पंधरा जागतिक प्रतिमाने शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा वर्षाला उडणाऱ्या धुळीचे अंदाज 50 कोटी टनांपासून 400 कोटी टनांच्याही पुढे पसरलेले आढळले. यामागे घनाचाही हात आहे. प्रतिमान पन्नास-शंभर किलोमीटरच्या चौकटीत वाऱ्याची सरासरी काढते. धूळ उडते ती झोतांनी, आणि सरासरीत झोत हरवतो. गडगडाटी ढगांतून कोसळणारा थंड झोत तर बहुतेक प्रतिमानांना दिसतच नाही. मे 2018 मध्ये राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभराहून अधिक बळी घेणारी वादळे ढगांच्याच गडगडाटातून आली होती.

भारतासाठी या हिशेबातील चूक पावसापर्यंत जाते. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. के. दास यांनी 1962 मध्ये राजस्थानवर हवा खाली उतरत असल्याचे गणिताने दाखविले होते. त्याच धाग्यावरून अमेरिकी शास्त्रज्ञ रीड ब्रायसन आणि डेव्हिड बेअरीस यांनी 1967 मध्ये धक्कादायक मांडणी केली. अतिचराईमुळे उडालेली धूळ हवेचे थर थंड करते, हवा आणखी खाली बसते आणि पाऊस रोखला जातो. म्हणजे थरचे वाळवंट काही अंशी माणसाने घडविले. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 2006 मध्ये, विल्यम लाऊ आणि सहकाऱ्यांनी नेमके उलट चित्र रंगविले. हिमालयाच्या उतारांवर साचलेली धूळ आणि काजळी सूर्याची उष्णता शोषते, हवा वर चढते आणि मान्सून लवकर जोर धरतो. 2014 मध्ये व्ही. विनोज व सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदी आणि प्रतिमान यांची सांगड घालून सांगितले, की पश्चिम आशियावर धूळ वाढली की आठवडाभरात मध्य भारतातील पाऊस वाढतो. आरोपी ठरलेली धूळ साहाय्यक ठरली. अर्थात, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्लीसाठी हवेच्या गुणवत्तेची पूर्वसूचना यंत्रणा सुरू केली. तिच्या प्रतिमानात धुळीचाही हिशेब असतो आणि उपग्रहांच्या मोजणीने तो दुरुस्त केला जातो. उगम चुकला तरी वाटेत धूळ किती आहे, हे वरून दिसते, हा त्यातील शहाणपणा.

आता प्रश्न रंगावर येऊन ठेपला आहे. धूळ उष्णता शोषते की परतविते, हे तिच्यातील हेमॅटाइटसारख्या लोहखनिजांवर अवलंबून असते. पण जगातील वाळवंटांच्या खनिजांची माहिती प्रतिमानांना दीर्घकाळ मातीच्या 5000 हून कमी नमुन्यांवरून पुरविली जात होती. मुंबईवर धूळ उतरली त्याच वर्षी, जुलै 2022 मध्ये, नासाने एमिट हे उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर धाडले. परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून ते कोरड्या प्रदेशांतील खनिजे ओळखते.