शेलमधील चलांचे निरसन
शेलमधील चलांचे निरसन : वापरणाऱ्याच्या आज्ञांचा अर्थ लावून त्या परिचालन प्रणालीकडून पार पाडून घेणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. शेलच्या सत्रात ज्या नावाखाली मूल्य साठविले जाते, ते नाव म्हणजे चल होय. चलाचे मूल्य रिकामे करणे व चल समूळ नाहीसे करणे या दोन भिन्न क्रिया असून दुसरीस निरसन म्हणता येईल.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्ससाठी तयार केलेल्या शेलमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचे नामांकित चल निर्माण करता येत नसत. त्यामुळे निरसनाचा प्रश्नच नव्हता. स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमध्ये (१९७९) चल आले. चल अस्तित्वात नसेल, तर पर्यायी मूल्य घेण्याची सोयही त्यात होती. म्हणजेच रिक्त व अविद्यमान यांतील भेद शेलला कळत होता. तथापि एकदा निर्माण केलेला चल त्या सत्रात नाहीसा करण्याची आज्ञा मात्र नव्हती. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी रचलेल्या सी शेलमध्ये ‘अनसेट’ ही आज्ञा होती. ती नावांचे नमुनेही स्वीकारीत असल्याने एका तारकाचिन्हाने सर्व चल पुसले जात. त्यांत शेलला स्वतःला लागणारे चलही असत. बोर्न शेलमध्ये ही आज्ञा सिस्टिम फाइव्हच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर (१९८४) आली. परंतु आज्ञांचे शोधमार्ग दर्शविणारा ‘पाथ’ व आणखी काही चल तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. १९९२ च्या पॉसिक्स मानकाने तिचे स्वरूप निश्चित केले.

चल रिक्त वा अविद्यमान असल्याचे लक्षात न आल्यास अनर्थ ओढवतो. फाइली पुसण्याच्या आज्ञेत निर्देशिकेचे नाव चलाद्वारे दिलेले असेल आणि तो चल रिक्त निघाला, तर आज्ञा मूळ निर्देशिकेवरच चालू शकते. स्टीम या संगणकीय खेळांच्या कार्यक्रमाच्या लिनक्स आवृत्तीत असा दोष जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आला. अविद्यमान चल आढळताच थांबण्याचा पर्याय बोर्न शेलमध्ये आरंभापासून होता. परंतु तो वापरणाऱ्याने स्वतः निवडावा लागतो व रिक्त चलास तो अडवीत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये (२००६) मूल्य पुसणे व चल काढून टाकणे यांसाठी दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. बोर्न परंपरेतील शेलमध्ये केवळ वापरणाऱ्याने निर्मिलेले सर्व चल एकदम काढणारी आज्ञा नाही. तेथे रिक्त परिसरासह नवे शेल सुरू करणे हाच अधिक निर्धोक मार्ग ठरतो.