दया आणि मात्रा

ज्या बालकास जन्मतःच एका व्याधीनें गांठलें आहे, त्यास रक्ताचा कर्करोग झाला तर तीव्र औषध द्यावें कीं न द्यावें? "बिचाऱ्यास आणखी कशाला छळावयाचें?" हा उद्गार मायेच्या पोटींच निघतो. परंतु डाऊन-विकाराच्या मुलांचा वैद्यकीय इतिहास पाहतां ही माया नेहमींच हितकर ठरली असें म्हणवत नाहीं.

१८६६ सालीं इंग्लंडांत डॉ. लँग्डन डाऊन यांनीं या विकाराचें वर्णन केलें. १९५९ सालीं पॅरिस येथें लेझ्यून व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें मूळ दाखविलें: अशा मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनांऐवजीं तीन प्रती असतात. यांतील जवळजवळ निम्म्यांचें हृदय सदोष असतें, संसर्गास तीं लवकर बळी पडतात, आणि रक्ताचा कर्करोगही त्यांस इतरांहून पुष्कळच अधिक प्रमाणांत होतो.

१९४८ सालीं बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनीं फॉलिक आम्लास विरोध करणाऱ्या द्रव्यानें कांहीं बालकांचा हा रोग तात्पुरता हटविला. या आम्लाचा माग मुंबईंत लागला होता, हें येथें नमूद करणें उचित होय. येथील गर्भवती स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें लूसी विल्स यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें होतें. फार्बर यांच्या मार्गानेंच पुढें मेथोट्रेक्सेट आलें. पण डाऊन-विकाराच्या मुलांस तें फार बाधे, तोंडास व्रण पडत. हें औषध पेशींत नेणाऱ्या वाहकाचें जनुक त्याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. अशा भयामुळें या मुलांस पुष्कळदां अपुरे उपचार मिळत, किंवा मिळतच नसत.

१९९२ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. मज्जेंतील मायलॉइड पेशींच्या कर्करोगांत, पूर्ण उपचार मिळालेलीं डाऊन-विकाराचीं मुलें इतर मुलांपेक्षां पुष्कळच अधिक प्रमाणांत वांचलीं होतीं! जें गुणसूत्र शरीरास नाजूक करी, तेंच रोगट पेशींसही सायटाराबीन या औषधापुढें दुबळें करी. पुढें तर कमी मात्रेनेंही गुण येतो असें आढळलें. लसीकापेशींच्या कर्करोगांत मात्र हा लाभ नाहीं. तेथें रोग उलटण्याचें व उपचारकाळीं संसर्गानें मृत्यु येण्याचें भय उलट अधिक.

तात्पर्य, औषध नाकारणें ही दया नव्हे, आणि सर्वांस एकच मात्रा देणें हा न्याय नव्हे. हें उमगण्यापूर्वीं जीं बालकें केवळ करुणेपोटीं उपचारावांचून राहिलीं, त्यांचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा?