पशुपतिनाथाची यात्रा

नेपाळमधील बागमती नदीच्या काठी असलेले पशुपतिनाथ हे हिमालयाच्या परिसरातील शैवांचे एक अग्रगण्य क्षेत्र. ते काठमांडू शहराच्या मध्यभागापासून पूर्वेस सु. ४ किमी. वर वसले आहे. काठमांडूच्या खोऱ्यातील ज्या सात वास्तुसमूहांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९७९ मध्ये समावेश झाला, त्यांत या क्षेत्राची गणना होते. भारतातील यात्रेकरूंच्या दृष्टीने हे परदेशातील देवस्थान असले, तरी तेथील पूजाविधी व पुजारीवर्ग यांचे दक्षिण भारताशी असलेले नाते पाहता परकेपणाची ही कल्पना फारशी टिकत नाही.

मंदिर नेपाळी शैलीचे, चौरस व दुहेरी छपराचे आहे. छपरे सोन्याचा मुलामा दिलेल्या ताम्रपत्र्याची असून चारही दिशांची द्वारे चांदीने मढविलेली आहेत. पश्चिम द्वारासमोर भव्य नंदी आहे. गर्भगृहातील सु. एक मीटर उंचीच्या लिंगावर चार मुखे कोरलेली आहेत : पूर्वेस तत्पुरुष, दक्षिणेस अघोर, पश्चिमेस सद्योजात व उत्तरेस वामदेव. पाचवे ईशान हे ऊर्ध्वस्थानी कल्पिलेले असते. घृष्णेश्वरासारख्या ठिकाणी पिंडीला स्वतः स्पर्श करण्याची सवय असलेल्या मराठी भाविकाला येथे द्वाराबाहेरूनच दर्शन घ्यावे लागते. कारण लिंगाला स्पर्श करण्याचा अधिकार केवळ भट्ट पुजाऱ्यांना आहे. हिंदूंखेरीज इतरांना मंदिराच्या आवारात प्रवेश नाही. भारतीय उपखंडातील बौद्ध, जैन व शीख यांना मात्र सामान्यतः अडविले जात नाही. इतर प्रवासी नदीच्या पूर्व तीरावरील पायऱ्यांवरून मंदिर पाहतात. वास्तविक नेवार बौद्धांचाही या देवाशी जुना संबंध असून कार्तिक शुद्ध अष्टमीस लिंगावर बुद्धाचा मुकुट चढविण्याची प्रथा आहे.

क्षेत्राची प्राचीनता लिच्छवी काळातील कोरीव लेखांवरून सिद्ध होते. सातव्या शतकाच्या आरंभी अंशुवर्म्याने स्वतःस पशुपतीच्या चरणांचा अनुग्रह लाभलेला असे म्हणवून घेतले. दुसऱ्या जयदेवाच्या ७३३ मधील शिलालेखात देवास अर्पण केलेल्या रौप्यकमळाचे वर्णन आढळते. १३४९ मध्ये बंगालचा सुलतान शम्सुद्दीन इल्यास याने खोऱ्यावर स्वारी केली. तीत मूळ लिंगाचे तीन तुकडे झाल्याचे ‘गोपालराजवंशावली’त नमूद आहे. त्यामुळे सध्याचे लिंग त्यानंतरच्या काळातील ठरते, आणि मंदिराची विद्यमान वास्तू तर सतराव्या शतकाच्या अखेरीच्या जीर्णोद्धाराची आहे. स्थान अतिप्राचीन व वास्तू अर्वाचीन असा भेद येथे करावयास हवा. यात्रेकरूंसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत तो बहुधा केला जात नाही.

पुजाऱ्यांची परंपरा हा या क्षेत्राच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग होय. भट्ट हे कर्नाटकातील ब्राह्मण असून ही व्यवस्था आद्य शंकराचार्यांनी घालून दिली, अशी श्रद्धा आहे. तीस समकालीन पुरावा नाही. वंशावळींत दाक्षिणात्य ब्राह्मणांच्या नेमणुकीचे श्रेय पंधराव्या शतकातील यक्षमल्ल राजास दिलेले दिसते व ते अधिक संभवनीय वाटते. राजाच्या निधनानंतर सर्व प्रजेस सुतक असे. परदेशी पुजाऱ्यास ते लागू नसल्याने नित्यपूजेत खंड पडत नसे, असे या प्रथेचे कारण सांगतात. त्यांच्या हाताखालील भांडारी मात्र स्थानिक असतात.

२००८ मध्ये नेपाळमधील राजसत्ता संपुष्टात आली आणि सुतकाचे हे कारण निरर्थक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस माओवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील शासनाच्या काळात भट्टांच्या जागी नेपाळी पुजारी नेमण्यात आले. नेपाळच्या देवळात नेपाळी पुजारी का नसावा, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता; परंतु शासनाने तो परंपरेच्या जाणकारांना बाजूस सारून सोडवू पाहिला. निदर्शने झाली, सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांना स्थगिती दिली व जानेवारी २००९ मध्ये शासनास माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी पुढे कर्नाटकातून आलेल्या दोन नव्या भट्टांना मारहाण झाली. तरीही परंपरा चालू राहिली.

भारतातून येथे पोहोचणे हे दीर्घ काळ कष्टाचे होते. राणांच्या राजवटीत खोऱ्यात शिरण्यास राहदानी म्हणजे परवाना लागे व तो सहजी मिळत नसे. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र यात्रेकरूंना वाट मोकळी होई. १९२७ मध्ये रक्सौल ते अमलेखगंज असा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. (अमलेखगंज या नावातच इतिहास आहे : चंद्र शमशेर याने १९२४ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याची घोषणा केल्यानंतर मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत येथे झाली.) तेथून भीमफेदीपर्यंत मोटार व पुढे चिसापानी गढी, कुलेखानी, चितलांग आणि चंद्रागिरीची खिंड या मार्गाने थानकोटपर्यंत पायी अथवा डोलीतून जावे लागे. माल वाहून नेण्यासाठी तारमार्ग होता, माणसांसाठी नव्हता. श्रीमंतांच्या मोटारगाड्यादेखील हमालांच्या खांद्यावरून खोऱ्यात उतरत. भारताच्या साहाय्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये पूर्ण झाला व ही चढण यात्रेतून गेली. पुढे लोहमार्गही बंद पडला. आता बहुसंख्य दूरचे यात्रेकरू विमानाने येतात. विमानतळ मंदिरापासून अगदी जवळ, गौचर म्हणजे गायरान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीवर आहे. भारतीय नागरिकांना नेपाळमध्ये प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही.

महाशिवरात्रीस भारतातून साधूंचे जथे येतात. हरतालिकेस लाल वस्त्रे नेसलेल्या स्त्रियांची रीघ लागते. बाला चतुर्दशीस (महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य चतुर्दशी) मृतांच्या स्मरणार्थ श्लेष्मांतक वनात सात प्रकारचे धान्य विखुरतात. याच वनात शिवाने मृगरूप घेतले व त्याच्या शिंगाच्या तुकड्यांतून गोकर्णादी स्थाने निर्माण झाली, अशी पुराणकथा आहे.

मंदिराला लागूनच नदीकाठी आर्यघाट आहे. २००१ मधील राजवाड्यातील हत्याकांडानंतर राजे वीरेंद्र यांच्यावर येथेच अंत्यसंस्कार झाले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात खोऱ्यातील अनेक देवळे कोसळली. मुख्य मंदिर मात्र फारशी हानी न होता उभे राहिले. त्या दिवसांत घाटावर चितांना जागा अपुरी पडत होती. पशुपति क्षेत्र विकास कोष या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे परिसराची व्यवस्था असून २०१६ पासून येथे विद्युत्‌दाहिनी सुरू झाली आहे. शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या बागमतीच्या स्वच्छतेचे काम अद्याप पुरे झालेले नाही.